फळझाडांच्या प्रतिकारशक्तीवर काम करायचं असेल तर

वनस्पती रोगशास्त्राकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मनात 'औषध' पक्कं बसलेलं असतं: फवारलं की जिवाणू मेला पाहिजे. झाडाची अंगची प्रतिकारशक्ती चेतवण्याचा विषय घेणार असाल, तर आधी हे विसरा. उदाहरणार्थ, अॅसिबेन्झोलार-एस-मिथाइल हे फवारणीचं द्रव्य जिवाणूंना थेट मारत नाही. ते झाडात सॅलिसिलिक आम्लाचा (झाड स्वतः बनवतं त्या संदेशद्रव्याचा) संरक्षणमार्ग जागा करतं. झाडाला सज्ज व्हायला काही दिवस लागतात, म्हणून फवारणी संसर्गाच्या आधीच हवी.

मी हे शिकले सफरचंद आणि नाशपातीवरच्या फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगावर. एर्विनिया अमायलोव्होरा हा जिवाणू फुलांतून किंवा कोवळ्या फुटीतून शिरतो. शेंडा काळवंडून आकड्यासारखा वाकतो, दमट हवेत त्यावर चिकट थेंब दिसतात. चाचणीत कात्रीची पाती जिवाणूंच्या द्रावणात बुडवायची आणि शेंड्याजवळचं कोवळं पान मधल्या शिरेसकट आडवं कापायचं. पुढे शेंडा किती करपला, ते त्याच्या एकूण लांबीच्या टक्क्यांत मांडायचं. काम सोपं दिसतं, पण सगळे शेंडे सारख्या जोमाने वाढत असले तरच आकड्यांना अर्थ. नत्र जास्त झालेली लुसलुशीत फूट लवकर बळी पडते आणि तुलना बिघडते.

नुसत्या पाण्याची फवारणी केलेली झाडं सोबत हवीतच. शिवाय तेच द्रव्य ताटलीतल्या जिवाणूंवर टाकून पाहा. तिथे वाढ थांबली नाही आणि झाडावर रोग कमी झाला, तरच श्रेय झाडाला देता येतं. पीआर जनुकं, म्हणजे झाडाची संरक्षक प्रथिनं बनवणारी जनुकं, किती जागी झाली हे मोजायला क्यूपीसीआर हे प्रयोगशाळेतलं तंत्र शिका. पण त्याआधी संख्याशास्त्र आणि छाटणी, असं माझं ठाम मत आहे. झाड हाताळता न येणारा माणूस इथे फार काळ टिकत नाही.

वाचनाची सुरुवात 1961 मध्ये वनस्पती-विषाणूतज्ज्ञ रॉस यांनी तंबाखूतल्या अशाच चेतवलेल्या प्रतिकारावर केलेल्या कामापासून करा. मग 1992 चं हार्पिन: झाडाचं संरक्षण जागवणारं हे प्रथिन खुद्द फायर ब्लाइटच्या जिवाणूतूनच वेगळं केलं गेलं! मला आजही याचं नवल वाटतं.

कुंडीतल्या रोपांवर छान दिसलेला परिणाम बागेत बऱ्याचदा फिका पडतो. रोगाचा जोर मोठा असेल तर ही द्रव्यं एकटी पुरत नाहीत. रोगट फांद्या कापणं आणि इतर उपाय सोबत लागतात. आणि प्रतिकार उभा करायला झाडाची ऊर्जा खर्च होऊ शकते, म्हणून रोगाबरोबर वाढ आणि फळांचं वजनही पहिल्या हंगामापासूनच नोंदवा.