बँकेत एफडी करायला गेलात आणि पॉलिसी घेऊन आलात, आता काय करायचं

मागच्या वर्षी कागलच्या मामांच्या घरी एक पत्र आलं, तुमचा तीन लाखांचा दुसरा हप्ता भरायची तारीख जवळ आली आहे म्हणून. मामा एसटीतनं मेकॅनिक म्हणून रिटायर झालेत, ग्रॅच्युइटीचे पैसे घेऊन ते राजारामपुरीतल्या एका बँकेत एफडी करायला गेले होते आणि पत्र येईपर्यंत त्यांच्या डोक्यात ती एफडीच होती. शाखेतल्या पोरानं सांगितलेलं, काका एफडीत काय राहिलंय आता, ह्यात पाच वर्षांत डबल होतंय बघा, आणि फॉर्मवर पेन्सिलनं फुल्या मारून दिलेल्या, फुली दिसंल तिथं सही करा. मामांनी केल्या.

उसाचं बिल जमा झालं, जमीन विकली, फंड हातात आला की असलं होणारी माणसं आपल्याकडं घरटी सापडतील आणि बरेच जण लाजेपोटी गप्प बसतात. गप्प बसू नका, पैसे परत मिळायचे रस्ते आहेत, फक्त कुठल्या दारात जायचं ते आधी कळलं पाहिजे.

तर पहिलं काम, तुम्हाला नेमकं काय विकलंय ते ओळखा. एफडीच्या पावतीवर व्याजाचा दर आणि मुदत संपायची तारीख स्वच्छ लिहिलेली असते. कागदावर प्रीमियम, सम अशुअर्ड, फंड व्हॅल्यू असले शब्द असले तर तो विमा किंवा युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी), आणि युलिपमधनं पाच वर्षं पैसे निघत नाहीत. फोलिओ, युनिट, एनएव्ही (म्हणजे एका युनिटचा भाव) दिसलं तर म्युच्युअल फंड. 'पर्पेच्युअल' किंवा 'एटी-१' दिसलं तर तो बाँड, म्हणजे बँकेनं तुमच्याकडनं घेतलेलं कर्ज, आणि त्याला मुदतच नसते. ठेवींवर प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत जे विमा संरक्षण असतं ते ह्यातल्या कशालाच लागू नाही, भले कागद बँकेच्या काउंटरवरच मिळालेला असू दे.

विमा असेल तर आधी कॅलेंडर बघा. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत कारण न सांगतासुद्धा ती रद्द करता येते, ह्याला फ्री लुक म्हणतात. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च कापून बाकीचे पैसे परत मिळतात, युलिप असेल तर त्या दिवशीच्या एनएव्हीप्रमाणे. अर्ज कंपनीला ईमेलनं करा, शाखेत दिलात तर शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका, कारण "मी बघतो काका" म्हणत दिवस घालवतात आणि एकतिसाव्या दिवशी सांगतात की मुदत गेली. पॉलिसी ज्या लिफाफ्यातनं आली तो टाकू नका, कधी मिळाली ह्याचा तोच पुरावा.

मामांचा लिफाफा कपाटात साड्यांच्या खाली न फोडलेला सापडला, म्हणजे ३० दिवस कधीच होऊन गेलेले. पण आत प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसीसाठी सह्या केलेल्या त्या अर्जाची कॉपी होती, आणि माझं कळकळीचं सांगणं आहे की बाकी काही वाचलं नाही तरी ती ओळ न ओळ वाचा. मामांच्या फॉर्मवर व्यवसाय शेती व दुग्धव्यवसाय, वार्षिक उत्पन्न बारा लाख. घरात दोन म्हशी आणि सोळा गुंठे रान. हप्ता दहा वर्षं दरवर्षी भरायचा, म्हणजे सगळे मिळून तीस लाख. मोबाईल नंबर मामांचा नाहीच, ईमेल पण कुणाचा तरी भलताच, त्यामुळं खात्री करायचा जो फोन कंपनीकडनं येतो तो दुसऱ्याच कुणी तरी उचलून सगळ्याला हो म्हटलेलं. वाचताना माझे हात थरथरत होते खरं सांगतो. पण हेच कागद पुढं कामाला आले.

तक्रार लिहिताना "आम्हाला फसवलं" एवढंच लिहून काही होत नाही, तारीखवार लिहा. ह्या दिवशी एफडीसाठी गेलो, असं असं सांगितलं, फॉर्मवर उत्पन्न एवढं लिहिलंय आणि माझी पेन्शन एवढी आहे, सोबत पासबुकची झेरॉक्स, नंबर माझा नाही, व्हेरिफिकेशन कॉलचं रेकॉर्डिंग द्या, पॉलिसी रद्द करून पूर्ण रक्कम परत करा. बँकेला वेगळं पत्र, विमा कंपनीला वेगळं. बँक म्हणणार आम्ही फक्त विकतो, आणि सही तुमचीच आहे. तेव्हा रिझर्व्ह बँकेची २०१४ ची ग्राहक हक्कांची सनद दाखवा, ग्राहकाच्या गरजेला आणि परिस्थितीला शोभेल असंच प्रॉडक्ट विकायचं हा त्यात हक्क म्हणून लिहिलाय. साठीच्या माणसाला दहा वर्षं तीन-तीन लाख भरायला लावणं कुठल्या परिस्थितीला शोभतं हे त्यांनाच लेखी सांगू दे.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला की पुढची पायरी. विम्यासाठी विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी, आपला कोल्हापूर जिल्हा पुणे ऑफिसकडं येतो, नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं, फी नाही, वकील नाही, तक्रार ऑनलाईन होते आणि निकाल कंपनीला बंधनकारक असतो. मामांची सुनावणी व्हिडिओवर झाली, मी शेजारी बसलेलो पण बोलले मामाच, म्हणाले साहेब बारा लाख मिळत असते तर मी एफडीच्या व्याजावर औषधं कशाला आणली असती. पॉलिसी रद्द होऊन पैसे परत करायचा आदेश झाला. सहा-सात महिने गेले, पण आले.

बँकेच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, त्यांच्या सीएमएस ह्या तक्रारीच्या वेबसाईटवर, ही पण फुकट, पण आधी बँकेला लेखी दिलेलं पाहिजे नाहीतर तिथंच फेटाळतात. म्युच्युअल फंड आणि बाँडसाठी सेबीचं (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) स्कोअर्स हे तक्रारीचं पोर्टल, तिथं २१ दिवसांत उत्तर द्यायचा नियम आहे आणि तक्रार एका वर्षाच्या आत करायची. बाँडचं प्रकरण किती लांब जातं ते येस बँकेच्या एटी-१ मध्ये दिसलं, मार्च २०२० मध्ये ८,४१५ कोटींचे बाँड शून्य केले, म्हणजे घेणाऱ्यांचे पैसे बुडाले, आणि ते 'सुपर एफडी' म्हणून साध्या ग्राहकांच्या गळ्यात मारल्याबद्दल सेबीनं एप्रिल २०२१ मध्ये २५ कोटींचा दंड लावला, मग अपील, मग हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. त्याआधीच ऑक्टोबर २०२० मध्ये सेबीनं नियम बदलला, आता असला बाँड कमीत कमी १ कोटीचा असतो आणि मोठ्या संस्थांनाच विकता येतो. म्हणजे आज कुणी तुम्हाला हा बाँड पाच-दहा लाखाला देतो म्हणाला तर तिथंच उठा.

आणि ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच केस टाकता येते, कंपनी मुंबईची असली तरी कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच, ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. पण एक ध्यानात ठेवा, तोच विषय आयोगात चालू असला की लोकपाल घेत नाही, म्हणून आधी लोकपाल करा आणि दोन वर्षांवर लक्ष ठेवा.

नंबर लिहून फ्रीजवर लावा: रिझर्व्ह बँकेसाठी १४४४८, विम्यासाठी १५५२५५, ग्राहक हेल्पलाईन १९१५, तिथं मराठीतनं बोलता येतं.