नाकाच्या शेंड्यावरची खाच घालवताना या चुका टाळा

नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या पार्लरमध्ये नवरी मुली खुर्चीत बसल्या की आधी डाग दाखवायच्या, डोळ्यांखालची वर्तुळं दाखवायच्या. आता नाकाचा शेंडा दाखवणाऱ्या वाढल्या आहेत. मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी ट्रायलला आली. रिंगलाइट लावला तशी म्हणाली, "ताई, पाहा ना, शेंड्याचे दोन भाग दिसून राहिले. लग्न महिन्यावर आलं. इंजेक्शन घेऊन टाकू का?"

मी तिला तिच्याच बोटाने शेंडा हलकेच दाबायला सांगितला. दोन बाजूंना दोन टणक दाणे आणि मधे फट, असं तिच्या बोटाला लागलं. शेंड्याला आकार देणाऱ्या दोन कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक पट्ट्या असतात, एक डावी, एक उजवी. त्यांच्या कमानी मधे पुरेशा जवळ आल्या नाहीत की वरची कातडी त्या फटीत बसते आणि उभी खाच दिसते. कातडी पातळ असेल तर ती ठळक उठते, जाड असेल तर झाकली जाते. हा आजार नाही, जन्मतः मिळालेली ठेवण आहे.

सगळ्या रेघा एकच समजणं

इथेच बहुतेकांचं चुकतं. नाकाची दांडी संपून शेंडा सुरू होतो तिथे आडवी रेघ असेल, तर तिची गोष्ट वेगळी. अ‍ॅलर्जीने सतत नाक खाजणारं पोर तळहाताने नाक खालून वर चोळतं. डॉक्टर त्याला अ‍ॅलर्जिक सॅल्यूट म्हणतात. वर्षानुवर्षं कातडी त्याच जागी दुमडली की रेघ पडते. अशा रेघेवर फिलर, म्हणजे कातडीखाली सुईने भरायचं जेल, भरण्याआधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन अ‍ॅलर्जी आटोक्यात आणायला हवी. मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीतही हे दाखवता येतं. चोळणं थांबलं की रेघ फिकी होऊ शकते. काहींना ती काही कारण नसतानाही असते. तिच्यात पांढरे किंवा काळे दाणे साचतात. ते नखाने फोडू नका, डाग राहतो.

तिसरा प्रकार कांजण्यांच्या किंवा पडल्याच्या व्रणाचा. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ लेझर सुचवू शकतात, पण आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर लेझरनंतर काळपट डाग उमटण्याचा धोका असतो. नागपूरचं ऊन मे महिन्यात 45 अंशांच्या घरात जातं. लेझर करायचंच असेल तर थंडीच्या दिवसांत करा आणि सनस्क्रीन सोडू नका.

आणि शेंड्यावर नवीनच खड्डा, गाठ किंवा न भरणारी जखम दिसली, तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

क्रीम, क्लिप आणि ओढाताण

मैत्रिणीने सांगितलं म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेलं स्टिरॉइडचं क्रीम महिनोन्महिने नाकाला लावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्याने कातडी आणखी पातळ होते, लाल केशवाहिन्या दिसू लागतात आणि खाच अधिकच उठून येते. नाक सरळ करणाऱ्या क्लिपा मिळतात, त्यांनी फक्त वळ उमटतात. बाळाला तेल लावताना आजी नाक ओढते, चाफेकळीसारखं व्हावं म्हणून. माया खरी, पण कूर्चा त्याने बदलत नाही.

खाचेच्या कडांवर चमक लावणं

हे माझ्या हातातलं काम, म्हणून थोडं सविस्तर. शेंड्यावर शिमरचा ठिपका ठेवायची सवय सगळ्यांना लागली आहे. खाच असलेल्या नाकावर तो दोन्ही उंचवट्यांवर बसतो आणि मधली सावली गडद होते. करायचं उलट. खाचेच्या तळाशी, फक्त तळाशी, बारीक ब्रशने फाउंडेशनपेक्षा अर्धी शेड उजळ मॅट कन्सीलर. दोन्ही उंचवट्यांवर किंचित गडद मॅट पावडर. मग ओल्या स्पंजाने थोपटा, घासू नका. घामाने नाकावरचाच मेकअप आधी सुटतो, म्हणून थर पातळ ठेवा.

त्या मुलीचा आधीचा सेल्फी आणि मी पाच फुटांवरून काढलेला फोटो शेजारी ठेवले, तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली. फूटभर अंतरावरच्या सेल्फीत नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. केवळ सेल्फी बघून सुईचा निर्णय घेऊ नये.

फिलर म्हणजे फेशियल समजणं

हे मला सगळ्यात जास्त छळतं. हायल्युरोनिक अ‍ॅसिडचं फिलर खाचेत अगदी थोडं भरलं की ती भरून दिसते. परिणाम काही महिने ते वर्षभर टिकतो. पण नाकाच्या बारीक रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. आधी नाकाचं ऑपरेशन झालेलं असेल तर धोका वाढतो.

माझ्या ओळखीच्या एकीने एका पार्लरमध्ये हे इंजेक्शन घेतलं. शेंडा पांढरा पडला, मग जाळीसारखा जांभळा झाला, ठणका लागला. फोन केला तर "बर्फ लावा" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे पोहोचली, फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज दिलं गेलं, नाक वाचलं, पण व्रण राहिला. अशा वेळी बर्फ लावू नका, रात्र जाऊ देऊ नका. दिसायला त्रास झाला तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. ब्युटिशियनला सुई टोचण्याचा अधिकार नाही, मलाही नाही. डॉक्टरांना आधी विचारा: हायल्युरोनिडेज इथे आत्ता हजर आहे का? सिलिकॉनचं किंवा कायमस्वरूपी इंजेक्शन कोणी देऊ केलं तर उठून या. ते विरघळवता येत नाही.

ऑपरेशनची घाई

कायमचा उपाय राइनोप्लास्टी, म्हणजे नाकाचा आकार बदलणारं ऑपरेशन. सर्जन दोन्ही कूर्चा टाक्यांनी जवळ आणतात, गरज पडल्यास नाकाच्या पडद्याची किंवा कानाची कूर्चा वापरतात. पट्टी साधारण आठवड्याने निघते, पण शेंड्याची सूज सगळ्यात शेवटी उतरते, कधी वर्ष लागतं. लग्नाच्या महिनाभर आधी करून घेतलेल्या नाकाचा खरा आकार लग्नाच्या फोटोत येत नाही. नाकाची वाढ पूर्ण झाल्याशिवाय, म्हणजे मुलींत साधारण 15-16 आणि मुलांत 17-18 वर्षांआधी, हे करत नाहीत. तंबाखू आणि सिगारेट काही आठवडे आधीपासून बंद हवी, नाहीतर जखम नीट भरत नाही. दांडीवर काम होणार असेल तर चष्म्याचं विचारून घ्या, आणि दाबाची नथ कधी घालता येईल हेही. नवऱ्या हे विचारायला विसरतात.

रामदासपेठ-धंतोलीत दवाखान्याची पाटी वाचून आत शिरण्यापेक्षा प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी, नाहीतर या कामाचा अनुभव असलेले नाक-कान-घशाचे सर्जन पाहा, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक तपासा. त्या मुलीने इंजेक्शन रद्द केलं, लग्नात कन्सीलरवरच निभावलं. आता ती सर्जनला भेटणार आहे. तिला मी सोबत न्यायला चार फोटो काढून दिले: दिवसाच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, पाच फुटांवरून, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून.