जुना कॉम्प्युटर नेटला जोडताय? आधी तारीख बघा

माळ्यावर काही वर्षं पडून असलेला विंडोज ७ चा डेस्कटॉप घरच्या नेटला जोडायचाय. धूळ झटकलीत आणि मशीन चालू झालं, असं धरून चालतो.

राउटरपासून लॅन केबल ओढा, मागच्या पोर्टमध्ये टक् आवाज येईपर्यंत बसवा. पोर्टजवळचा दिवा लागला की जोडणी झाली. वाय-फाय डोंगल आधी विकत आणू नका. त्याचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवायला बहुतेकदा नेटच लागतं. राउटर लांब असेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला देण्याची सोय, चालू करा.

खरा घोळ पुढे आहे. कोपऱ्यातलं चिन्ह नेट आलंय म्हणतं, पण कुठलंही पान उघडलं की ‘कनेक्शन सुरक्षित नाही’. पहिल्या खेपेला माझे यात दोन रविवार गेले. केबल बदलली, राउटर रीसेट केला. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारायला सांगितलं, तेही केलं. त्यात घरच्यांचे फोटो गेले, याचं अजून वाईट वाटतं. आणि चूक तशीच! मग खाली उजवीकडे लक्ष गेलं. तारीख होती १ जानेवारी २००९.

प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला, म्हणजे तिच्या डिजिटल ओळखपत्राला, सुरुवातीची आणि संपण्याची तारीख असते. कॉम्प्युटर २००९ मध्ये असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून तो ते नाकारतो. अशा वेळी ‘तरीही पुढे जा’ दाबा, असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. पासवर्ड चोरीला जाण्याची वाट तीच आहे. ‘इंटरनेट टाइम’ या नेटवरून वेळ जुळवण्याच्या सोयीवरही विसंबू नका, फरक पंधरा तासांहून जास्त असेल तर विंडोज सहसा वेळ आपणहून दुरुस्त करत नाही. तारीख, साल, वेळ हाताने भरा. टाइम झोनमध्ये मुंबईचं नाव असलेली, साडेपाच तास पुढची ओळ निवडा.

बंद करून चालू केल्यावर तारीख पुन्हा मागे गेली, तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) घड्याळ चालू ठेवणारा सेल संपलाय. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, नाण्याएवढा. घड्याळाच्या दुकानात मिळतो. भिंतीतला प्लग काढा, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, क्लिप दाबून जुना सेल काढा आणि तो ज्या बाजूने बसला होता तसाच नवा बसवा. मग बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, तारीख भरून सेव्ह करा. सेल संपल्याने बायॉसची सेटिंग मूळपदावर जातात. त्यामुळे विंडोज निळ्या पडद्यावर अडकलं तर घाबरू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. बायॉसमध्ये साटा मोड (हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत) आयडीई असेल तर एएचसीआय करा, एएचसीआय असेल तर आयडीई.

तारीख बरोबर असूनही काही साइट अडतात, कारण साइटची प्रमाणपत्रं ज्यांच्या आधारे तपासली जातात, ती विंडोजकडची मूळ प्रमाणपत्रंही जुनी असतात. त्यांतलं पुष्कळ साइट वापरत असलेलं एक ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. फायरफॉक्स हा ब्राउझर स्वतःची मूळ प्रमाणपत्रं बरोबर आणतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच्या ११५ ईएसआर (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या) आवृत्तीचा पूर्ण इन्स्टॉलर उतरवून पेनड्राइव्हने टाका. विंडोज ७ वर चालणारी ही शेवटची.

नेट बँकिंग या मशीनवर नको; विंडोज ७ ला सर्वांसाठी मिळणारे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपले. ते करायचंच असेल आणि प्रोसेसर ६४ बिटचा, रॅम निदान २ जीबी असेल, तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. सेल मात्र तेव्हाही आधी बदला. घड्याळ मदरबोर्डवर आहे, हार्ड डिस्कवर नाही.