बूस्टरची रांग : तपासणी टेबलावर नको, शेपटाला करा

कोविडच्या बूस्टर लसीसाठी तासभर उभं राहून कम्प्युटरसमोर आल्यावर ‘तुमचे सहा महिने अजून झाले नाहीत’ असं ऐकलं की माणूस वाद घालतो आणि मागची सगळी रांग अडते. जुलै २०२२ पासून प्रिकॉशन डोससाठी, म्हणजे बूस्टरसाठी, दुसऱ्या डोसनंतर २६ आठवडे पूर्ण लागायचे.

१. एक स्वयंसेवक रांगेच्या शेपटाला ठेवा. त्याने तीनच गोष्टी पाहायच्या : दुसऱ्या डोसची तारीख, लस कोणती, आणि आधीच्या नोंदणीचाच मोबाइल नंबर आहे का. नंबर नवा दिला तर कोविनवर (लसीकरणाच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर) नवीन माणूस म्हणून नोंद व्हायची आणि हाच डोस पहिला धरला जायचा. हा घोळ नंतर निस्तरणं फार जिकिरीचं.

२. टोकन दहा-दहाच्या गठ्ठ्यात, रंग बदलून द्या. कारण कोविशिल्ड लसीच्या एका कुपीत दहा डोस असायचे.

३. टोकनमागे टोचल्याची वेळ लिहा, म्हणजे अर्ध्या तासाची निगराणी कोणाची संपली ते विचारावं लागत नाही. तीन मिनिटाला एक टोचणी असेल तर दहा खुर्च्या लागतात. बारा मांडा, सोबत येणारे बसतातच.

शेवटच्या तासात मात्र दहा जण जमल्याशिवाय कुपी फोडू नका. उघडलेली कुपी चार तासांत संपवावी लागायची.