डबल टँकचा सेट घरीच जुळवा, समुद्रावर फक्त तपासा

नागपूरहून डायव्हिंगला निघालं की नेत्राणी असो, मालवण असो की अंदमान, प्रवासातच दिवस जातो. तिथे पोचल्यावर बोटीवर पाना शोधत बसावं लागू नये, म्हणून दोन टाक्यांचा सेट घरच्या फरशीवर पूर्ण जुळवून, पाठीवर चढवून बघितलेला असावा. ही माहिती टेक्निकल डायव्हिंगचा (नेहमीच्या मर्यादेपलीकडच्या खोल किंवा बंदिस्त जागेतल्या डायव्हिंगचा) कोर्स करणाऱ्यांसाठी किंवा केलेल्यांसाठी आहे. वाचून सेट जुळवता येतो, पण पाण्याखाली व्हॉल्व्ह बंद-उघड करण्याचा सराव प्रशिक्षकासमोरच व्हायला हवा.

आधी टाक्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच उंचीच्या घ्या आणि खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख दोन्हींची चालू असू द्या. भारतात सिलिंडर पेसोच्या (पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेच्या) मान्यतेचा लागतो. गॅस सिलिंडर नियम, २०१६ राबवणाऱ्या या संस्थेचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सलाच आहे. बाहेरून टाकी मागवायचा विचार असेल तर मान्यतेची चौकशी आधी करा, पैसे नंतर भरा.

टाकीच्या मानेचे आटे हा सगळ्यात धोक्याचा मुद्दा. अ‍ॅल्युमिनियम ८०, म्हणजे ८० घनफूट हवा मावणाऱ्या टाकीच्या मानेला पाऊण इंची आटे असतात, युरोपियन टाक्यांना बहुधा एम २५ (२५ मिमी). एम २५ चा व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत सैलसर फिरत आत जातो आणि बसल्यासारखा वाटतो. भरताना मात्र तो गोळीसारखा उडतो आणि त्यात माणसं दगावली आहेत. व्हॉल्व्हवर आणि टाकीवर कोरलेलं माप वाचून दोन्ही जुळल्याशिवाय फिरवू नका.

लागणारं सामान: दोन स्टीलचे बँड, आयसोलेटर (दोन टाक्यांमधली वाट बंद करणारा मधला व्हॉल्व्ह) असलेला मॅनिफोल्ड (दोन्ही टाक्या जोडणारा व्हॉल्व्ह-नळीचा संच), नव्या ओ-रिंग (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या), ग्रीस, १३ नंबरचा पाना, बॅकप्लेट (पाठीवरची ताठ पाटी), डबल टाक्यांसाठीची विंग (तरंगण्यासाठी फुगवायची पिशवी), डिन (व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसणाऱ्या) जोडणीचे दोन फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा, दाब कमी करणारा भाग). बँड टाकीच्या व्यासाचेच हवेत: अ‍ॅल्युमिनियम ८० चा व्यास १८४ मिमी, तर बऱ्याच १२ लिटर स्टील टाक्यांचा १७१ मिमी. मॅनिफोल्डची रुंदीही त्याच हिशेबाने. बँडचे एम ८ बोल्ट बदलायचे झाले तर इतवारीत ३१६ ग्रेडचेच मागा. ३०४ खाऱ्या पाण्यात लवकर गंजतं, आणि चुंबक लावून या दोन ग्रेडमधला फरक कळत नाही. बोल्टच्या डोक्यावरची ए ४ ही खूण बघा.

आता जुळणी. टाक्या पूर्ण रिकाम्या करून सपाट फरशीवर शेजारी उभ्या करा. दोन्ही बँड सैल ठेवून वरून सरकवा, बोल्टचे आटे पाठीच्या बाजूला. वरचा बँड खांद्याचा उतार संपून टाकी सरळ होते तिथे, आणि खालचा असा की दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर ११ इंच, म्हणजे सुमारे २८ सेंमी भरेल. बॅकप्लेटची भोकं याच मापाची असतात. डावा-उजवा व्हॉल्व्ह हलक्या ग्रीसच्या ओ-रिंगसह मानेत बसवा. ऑक्सिजनचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर जाणार असेल, किंवा टाकीत आधी शुद्ध ऑक्सिजन सोडून मिश्रण बनवणार असाल, तर सगळे भाग ऑक्सिजनसाठी साफ केलेले आणि ग्रीस ऑक्सिजनला चालणारंच हवं. सिलिकॉन ग्रीस तिथे पेट घेऊ शकतं.

व्हॉल्व्ह बसले की त्यांची तोंडं समोरासमोर आणण्यासाठी अख्खी टाकीच बँडमध्ये फिरवा. मधली आयसोलेटरची आडवी नळी दोन्हीकडे सारखे आटे जातील अशी मोजून बसवा. एका बाजूला जास्त गेली तर दुसरीकडची ओ-रिंग अर्धी उघडी राहते. नळी सहज बसल्यावरच बँड आवळा, वर-खाली आळीपाळीने थोडं थोडं. आधी बँड घट्ट करून नंतर मॅनिफोल्ड ओढूनताणून बसवला, तर नळीवर कायमचा ताण राहतो. फरशीवर ठीक वाटतं, पण टाक्या उचलताना हिसका बसला की ओ-रिंगमधून बुडबुडे सुटतात. भरलेला सेट सगळ्या सामानासह ४० किलोच्या आसपास जातो. तो मधल्या नळीला धरून उचलू नका.

बोल्टांवर आधी विंग, मग बॅकप्लेट, मग हाताने फिरवायचे नट. हार्नेस (बॅकप्लेटचे पट्टे) घालून, जो सूट घालणार तोच घालून, डोकं मागे टाका. मान मॅनिफोल्डला हलकी टेकावी आणि तिन्ही नॉब (दोन व्हॉल्व्हचे आणि आयसोलेटरचा) बोटांनी पूर्ण फिरवता यावेत. हात पोचत नसेल तर दोन्ही बँड टाकीवर खाली सरकवा, म्हणजे टाक्या पाठीवर वर येतील. डोकं आपटत असेल तर उलटं करा. नॉबपर्यंत हात न पोचणारा सेट घेऊन पाण्यात उतरण्यात काही अर्थ नाही. तशा वेळी दोन टाक्यांपेक्षा एकच बरी.

आपल्याकडच्या कोमट पाण्यात पातळ वेटसूटवर अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या घ्या असं आम्ही आग्रहाने सांगतो. स्टीलची जोडी रिकामी झाली तरी सहसा जडच राहते. विंग फाटली तर पोहून वर येणं अवघड होतं, आणि टाकून द्यायला वजनही उरत नाही. अ‍ॅल्युमिनियम ८० रिकामी होताना दीड-दोन किलोने तरंगायला लागते. २०० बार (बार हे दाबाचं माप) भरलेल्या जोडीत सुमारे ४४०० लिटर हवा, म्हणजे पाचेक किलो वजन असतं. ते संपल्यावरही ३ मीटरवर थांबता आलं पाहिजे. म्हणून वजनाची चाचणी ३० ते ४० बार उरलेल्या टाक्यांवरच करा.

आता नळ्या. उजव्या व्हॉल्व्हवर तोंडातल्या रेग्युलेटरची (श्वास घ्यायच्या यंत्राची) २.१ मीटरची लांब नळी आणि विंग फुगवायची नळी. डाव्यावर गळ्यातल्या रबरात अडकवलेल्या रेग्युलेटरची ५५ ते ६० सेंमीची नळी, प्रेशर गेज, आणि ड्रायसूट (आत पाणी न येणारा सूट) असेल तर त्याची नळी. हे सवयीने ठरलेलं नाही. गुहेच्या किंवा बुडालेल्या जहाजाच्या छताखालून पुढे जाताना घासून डावा नॉब बंद होण्याच्या दिशेने फिरतो, उजवा उघडण्याच्या. म्हणून तोंडातला रेग्युलेटर आणि विंग दोन्ही उजवीकडे. साथीदाराची हवा संपली तर तुमच्या तोंडातला, चालू असल्याची खात्री असलेला रेग्युलेटर त्याला द्यायचा आणि गळ्यातला आपण घ्यायचा. फर्स्ट स्टेज असे वळवा की नळ्या खाली उतरतील. बाजूला पसरलेली नळी अडकतेच.

भरायला टाक्या फक्त श्वसनाची हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरवर द्या. हिंगणा किंवा बुटीबोरीतल्या कारखान्याचा कॉम्प्रेसर कितीही मोठा असला तरी त्यातलं तेल आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीवर जीव घेतं. भरण्यापूर्वी आयसोलेटर पूर्ण उघडा. तो बंद राहिला तर एकच टाकी भरते. गेज डावीकडे असल्यामुळे आकडा डाव्या टाकीचाच दिसतो, आणि श्वास चालू असतो उजवीतून. बराच वेळ काटा हलत नसेल तर तो चांगला संकेत नाही. मिश्रणाचं विश्लेषणही अशा वेळी एकाच टाकीचं होतं, म्हणून भरल्यावर दोन्ही बाजूंनी मोजा.

आयसोलेटर खरंच चालतो का, हे असं बघा: तो बंद करून उजवीकडून १० बार सोडा. गेज हलता कामा नये. मग उघडा, हवा सरकल्याचा आवाज येतो आणि काटा सुमारे ५ बार उतरतो. त्यानंतर उजवा व्हॉल्व्ह बंद करून लांब नळीचं बटण दाबा, ती थोड्या वेळात मरावी आणि गळ्यातला रेग्युलेटर श्वास देत राहावा. डाव्याचंही तसंच. शेवटी तिन्ही नॉब पूर्ण उघडे, पाव फेराही मागे नाही, आणि सगळा सेट पाण्याच्या टाकीत बुडवून मानेपाशी, नळीच्या दोन्ही टोकांना, फर्स्ट स्टेजपाशी बुडबुडे शोधा.

मे महिन्यात नागपुरात भरलेल्या टाक्या बंद गाडीत ठेवू नका. २५ अंशांना २०० बार असलेली टाकी ६० अंशांना २२० च्या पुढे जाते, आणि अ‍ॅल्युमिनियम ८० चा मर्यादेचा आकडा २०७ आहे. विमानाने जाणार असाल तर बँड, मॅनिफोल्ड, बॅकप्लेट, विंग आणि रेग्युलेटर न्या, टाक्या तिथल्या घ्या. पण तिकडच्या टाक्यांचा व्यास आणि मानेचे आटे निघण्याआधी फोनवर विचारून घ्या. परत आल्यावर सेट गोड्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा आणि टाक्यांत थोडा दाब शिल्लक ठेवा, नाहीतर ओलावा आत शिरतो.