झॅबिक्स की लिबरएनएमएस ते नंतर बघू, आधी एसएनएमपीवॉक चालवा

बडोद्यात नेटवर्कची पहिली नोकरी म्हणजे बऱ्याचदा मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली एखादी फॅक्टरी, आयटीला मोजून दोन माणसं, आणि स्विच, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक, प्रिंटर सगळं त्यांच्याच गळ्यात. मीपण तिथूनच सुरुवात केली. नेटवर्क मॉनिटरिंगच्या, म्हणजे सगळी डिव्हाइस नीट चालू आहेत ना यावर टूलने लक्ष ठेवायच्या, मागे लागलो ते एवढ्यासाठीच, की नेट गेलेलं अकाउंट्समधल्या बेनचा फोन यायच्या आधी आपल्याला कळावं.

नवीन मुलं पहिलं विचारतात मॉनिटरिंगचं कुठलं टूल शिकू. नुसते स्विच-राउटर असतील तर लिबरएनएमएस, बरोबर सर्व्हर आणि ॲप्लिकेशनपण असतील तर झॅबिक्स, दोन्ही फुकट, विषय संपला. खरी मेहनत एसएनएमपी, म्हणजे डिव्हाइसला त्याची माहिती विचारायचा प्रोटोकॉल, समजून घेण्यात आहे आणि तेच सगळे टाळतात.

घरी एक जुना लॅपटॉप घ्या, व्हर्च्युअलबॉक्समध्ये डेबियन लिनक्सची दोन व्हर्च्युअल मशीन टाका, एकावर एसएनएमपीडी (उत्तर देणारा प्रोग्रॅम) बसवा आणि दुसऱ्यावरून एसएनएमपीवॉक (सगळी माहिती एकामागून एक विचारणारी कमांड) मारा. टाइमआउट येईल. कारण डेबियनमध्ये एसएनएमपीडी डिफॉल्टने फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवरून आलेलं, ऐकतो. ते बदललं, फायरवॉल असेल तर त्यात यूडीपी १६१ हा पोर्ट उघडला, की उत्तर येईल पण थोडंसंच, इंटरफेस दिसणारच नाहीत, कारण कॉन्फिगमधला व्ह्यू (कुठली माहिती बाहेर द्यायची ते ठरवणारी ओळ) जवळपास सिस्टिमच्या माहितीपुरताच उघडा असतो. तो वाढवा, मग सगळं धबाधबा येतं. ही झटापट एकदा केली ना, की पुढे कुठल्याही कंपनीचा स्विच गप्प बसला तर कुठे बघायचं ते कळतं. आणि कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे एसएनएमपीच्या जुन्या व्हर्जनमधला पासवर्डसारखा शब्द, 'पब्लिक' ठेवू नका, जमेल तिथे सरळ एसएनएमपीचं व्हर्जन ३ वापरा, पासवर्ड आणि एन्क्रिप्शन दोन्ही लावून.

ग्राफ खोटे बोलतात हेपण लवकर शिका. पोर्टवरून किती बाइट गेले ते मोजणारा जुना ३२ बिटचा काउंटर ४२९ कोटी बाइटच्या आसपास गेला की परत शून्यापासून सुरू होतो, १ गिगाबिटची लाइन फुल्ल भरली तर जेमतेम ३४ सेकंदांत, आणि लिबरएनएमएस डिफॉल्टने दर ५ मिनिटांनी आकडा घेतो, मग ग्राफमध्ये काय अर्थ राहणार? म्हणून ६४ बिटचे काउंटर, आणि ते एसएनएमपीच्या व्हर्जन १ मध्ये मिळतच नाहीत. तसंच अपटाइम, म्हणजे डिव्हाइस किती वेळ चालू आहे तो आकडा. तोही ३२ बिटचाच आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात, त्यामुळे ४९७ दिवसांनी शून्यावर येतो आणि टूल म्हणतं डिव्हाइस रीबूट झालं. साहेब विचारतात रात्री लाइट गेलेली का, आणि स्विच आपला मजेत चालू असतो.

आता अलर्ट. सुरुवातीला सगळे सगळंच चालू ठेवतात, कोणी पीसी बंद करून घरी गेलं की पोर्ट डाउनचा मेसेज, मग आठवड्याभरात टेलिग्रामचा ग्रुप म्यूट, आणि खरा अलर्ट त्यातच पडून राहतो. माझा नियम सोपा आहे, ज्या मेसेजवर उठून काही करणार नाही तो पाठवायचाच नाही. अपलिंक (मुख्य स्विचकडे किंवा बाहेर जाणारी लाइन), यूपीएस, फायरवॉल, सर्व्हरची डिस्क एवढं पुरे. मुख्य स्विच पडला तर मागचे सगळे पडल्यासारखे दिसतात, म्हणून डिपेंडन्सी लावा, म्हणजे कोण कोणाच्या मागे आहे ते टूलला सांगा, एकच मेसेज यायला हवा. मी मुलाखतीत झॅबिक्स येतं का हे विचारत नाही, अलर्ट कमी कसे केले ते विचारतो, तिथे बरेच जण अडकतात.

आपल्याकडे एक खास गोष्ट, उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण. दोन शेडमध्ये वायरलेस लिंक असेल तर १४-१५ जानेवारीला गच्चीवर कोणीतरी अडकलेला मांजा ओढताना डिश हलवतंच. लिंक तुटत नाही, पिंग हिरवंच दिसतं, फक्त सिग्नल कमजोर होऊन उणे ५५ डीबीएमवरून उणे ७५ वर जातो आणि कॅमेरे अडकायला लागतात. म्हणून रेडिओची सिग्नल लेव्हलपण एसएनएमपीने घ्या, मर्यादा लावा, आणि सणाच्या आधीचा आकडा लिहून ठेवा म्हणजे डिश परत कुठवर फिरवायची ते कळेल.

राहिलं एक, मॉनिटरिंगचा सर्व्हरच बंद पडला तर कोण सांगणार? बाहेरच्या एखाद्या छोट्या व्हीपीएसवरून (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवरून) त्याला पिंग लावून ठेवा, आणि त्याचा मेसेज ऑफिसच्या मेल सर्व्हरवरून पाठवू नका, तोही त्याच वेळी बंद असू शकतो.