एसईसीचं पत्र येण्याआधी

एसईसीने, म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, चौकशी सुरू केली तर अमेरिकेबाहेरच्या फर्मचं ‘आमचं अमेरिकेत ऑफिसच नाही’ हे उत्तर फार वेळ टिकत नाही. मॉरिसन खटल्यात २०१० साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने रोखे (शेअर, बाँड वगैरे) कायद्याचा हात देशाबाहेर फार लांब जाऊ नये असं ठरवलं खरं. पण महिन्याभरातच डॉड-फ्रँक कायदा आला आणि निदान एसईसी व न्याय खात्यापुरता तो हात पुन्हा लांबवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर एसईसीने सीमेपलीकडच्या फसवणुकीसाठी वेगळा टास्क फोर्सच नेमला.

म्हणून आधी आपले अमेरिकी धागे शोधा. पत्त्याच्या रकान्यावर विसंबू नका; खातेदार मध्येच तिकडे राहायला गेला असेल, तर फॉर्मवर जुनाच पत्ता असतो. कर्मचाऱ्यांची प्रवासबिलंही काढा. क्रेडिट स्विसचे लोक अमेरिकेत जाऊन ग्राहकांना भेटत, सल्ला देत, तेही नोंदणीशिवाय. २०१४ मध्ये बँकेला १९.६ कोटी डॉलर भरावे लागले. वकिलांनी फीचे करार तपासावेत. गुंतवणूक आणून दिल्याबद्दल कमिशन घेतलं, की सनद असली तरी एसईसीच्या लेखी तुम्ही ब्रोकर ठरू शकता. ईबी-५ या गुंतवणूकदारांसाठीच्या अमेरिकी व्हिसाच्या प्रकरणांत २०१५ मध्ये काही वकिलांवर नेमकी हीच कारवाई झाली.

खरी कोंडी कागदपत्रांची, आणि बहुतेक फर्म तिचा विचार समन्स हातात पडल्यावर करतात. स्विस दंडसंहितेचं कलम २७१, फ्रान्सचा १९६८ चा कायदा, चीनच्या डेटा सुरक्षा कायद्याचं कलम ३६, हे सगळे परस्पर कागद परदेशी यंत्रणेला देण्याच्या आड येतात. उलट, स्थानिक कायदा मनाई करतो एवढ्यावर सुटका नाही, असं अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगून ठेवलंय. तेव्हा कुठला सर्व्हर कुठल्या देशात, तिथे परवानगी कोण देतं, वकिलांच्या गोपनीय सल्ल्याचे मेल कुठे ठेवलेत, याचा तक्ता आजच करा. शिवाय आयोस्को या रोखे नियामकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००२ च्या बहुपक्षीय करारामुळे तुमचा स्थानिक नियामकच तुमच्या व्यवहारांच्या नोंदी एसईसीकडे पाठवू शकतो, हेही गृहीत धरा.

फोन विसरू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचं कामाचं बोलणं जपलं नाही म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या फर्म्सना एसईसीने एकत्रित १.१ अब्ज डॉलरहून जास्त दंड केला. मेसेज आपोआप पुसण्याची सोय कोणी, कुणाच्या फोनवर बंद करायची, ते लेखी ठरलेलं हवं. चौकशीत अडथळा आणण्यासाठी पुरावा नष्ट केला तर २० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नोकरीच्या करारात ‘तक्रार फक्त आमच्याकडेच’ असं कलम असेल तर ते काढा. एसईसीकडे माहिती देणाऱ्याला वसुलीच्या १० ते ३० टक्के बक्षीस मिळू शकतं, आणि तो परदेशी नागरिक असला तरी चालतो. विमा पॉलिसीत नुसत्या चौकशीचा खर्च येतो का, हे नूतनीकरणाआधीच विचारून घ्या.